हातचे

मराठीत ‘हातचे’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की त्याच्या पोटात दोन परस्परविरोधी अर्थ नांदत आहेत याकडे लक्षच जात नाही. ‘आईच्या हातचे’ म्हटले की तोंडाला पाणी सुटते. ‘त्यांच्या हातचे आपल्यात चालत नाही’ म्हटले की तेच तोंड मिटते. षष्ठीचा प्रत्यय तोच, हात तोच, आणि पुष्कळदा पदार्थही तोच. माया आणि विटाळ या दोहोंना एकाच शब्दात बसवणारी आपली भाषा धूर्त म्हणावी की प्रामाणिक, याचा निर्णय आम्हाला अजून करता आलेला नाही.

हा शब्द आमच्या मनात घोळू लागला तो एका केकच्या निमित्ताने. लातूरच्या एका मैत्रिणीच्या धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी, २०१९ च्या मे महिन्यात, आम्ही नांदेडात तीन थरांचा केक घरी केला आणि लातूरला नेला. वाङ्मयीन चर्चेच्या जागेत केकचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. आमचे म्हणणे असे, की जेवण हा आपल्या समाजाचा सर्वांत जास्त वाचला गेलेला मजकूर आहे. निरक्षर माणसालाही तो वाचता येतो. कोण कुठे बसला, कुणी वाढले, कुणी शिजवले, कुणी फक्त ताटे उचलली, हे सारे मांडवात शिरणाऱ्याला क्षणात कळते. अशा मजकुरात एखादा नवा शब्द घुसला तर त्याचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका वाटू नये.

लग्नाला संस्कृतात पाणिग्रहण म्हणतात. म्हणजे मुळात तो हातांचाच समारंभ. जुन्या गावगाड्यातले लग्न पाहिले तर त्यात किती हात गुंतलेले असत! त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने बलुतेदारीची ही वीण तपशिलाने उलगडली आहे. बोहल्याची मडकी कुंभाराच्या हातची, पाट सुताराच्या हातचा, सूप बुरुडाच्या हातचे, नवरदेवाचा जोडा चांभाराच्या हातचा, दारातली हलगी मांगाच्या हातची. यांपैकी एकही हात गैरहजर असला तर लग्न अडत असे. मात्र या सगळ्या हातांना एक रेघ आखून दिलेली होती, आणि ती चुलीपाशी होती. त्यांनी घडवलेली वस्तू मांडवात येई, त्यांनी पिकवलेले धान्य येई, कोरडा शिधाही येई. पाणी आणि विस्तव लागून शिजलेले अन्न येत नसे. मराठी दलित आत्मकथनांत लग्नाची पंगत कितीदा तरी मांडवाच्या बाहेरून दिसते, उष्ट्या पत्रावळींच्या बाजूने, त्यामागे हीच रेघ आहे. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे मराठवाड्यातील महार-मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीवरचे पुस्तक ज्यांनी वाचले असेल, त्यांना ही रेघ नुसती दिसणार नाही, तिची चवही कळेल. नावातला तो ‘अ’ लेखकाने उगाच घातलेला नाही.

सगळ्यांना एकत्र जेवू घालायचे तर कुणाच्या हातचे, ही अडचण जुन्या काळाने आचाऱ्याची जात ‘वरची’ ठेवून सोडवली. वरच्याच्या हातचे खालच्याला चालते, या उतरंडीच्या न्यायाने आचारी ब्राह्मण किंवा मारवाडी ‘महाराज’ असला की कुणाची तक्रार उरत नसे. नव्या काळाने दुसरी युक्ती काढली. केटरर आला. त्याच्या पोऱ्यांना टोप्या आणि हातमोजे आले. नांदेड-लातूरच्या आजच्या मंगल कार्यालयांत पाचशे माणसे जेवून जातात आणि पोळी कुणी लाटली हे कुणी विचारत नाही. विचारायला कुणी समोर नसतेच. हातमोज्याच्या आत कुठला हात आहे हे न कळणे हीच आता सोय झाली आहे.

या सोयीला आम्ही नावे ठेवणार नाही. घरगुती तेवढे पवित्र आणि बाजारी तेवढे भ्रष्ट, असा एक हळवा सूर आपल्या ललित गद्यात फार दिवस चालत आला आहे. त्या सुरात सूर मिसळण्याची आमची इच्छा नाही. बाजाराने निदान एवढे तरी केले, की प्रश्नच पुसून टाकला. पण पुसलेला प्रश्न आणि सुटलेला प्रश्न यांत फरक असतो. केटररच्या पंगतीत शेजारी बसून जेवलेले दोघे दुसऱ्या दिवशी एकमेकांच्या घरी पाणी पितातच असे नाही.

आता मैत्रीकडे येऊ. मराठवाड्यातल्या लग्नात प्रत्येक नात्याला काम नेमून दिलेले असते आणि त्या कामाला ‘मान’ असे नाव असते. मामा वधूला घेऊन अंतरपाटापाशी उभा राहतो. करवली पाठीशी उभी राहते. आत्याचा मान निराळा, मेहुण्याचा निराळा. मान चुकला तर वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. या साऱ्या मानपानाच्या यादीत मित्र कुठे असतो? आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. मित्र वरातीत नाचतो, मैत्रीण हातावर मेंदी काढते, दोघेही आहेराचे पाकीट देतात आणि जेवून जातात. मित्राचा मान असा नाही. कारण मान नात्याला आहे, नाते जातीतले आहे, आणि मैत्रीने जात ओलांडलेली असण्याची शक्यता असते. रूढीने हा धोका आधीच ओळखून मैत्रीला मांडवात पाहुणी म्हणून बसवले आहे.

केक इथे उपयोगी पडतो. त्याला लग्नविधीत जागाच नसल्यामुळे त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. तो मामाने आणायचा नसतो, आत्याने करायचा नसतो. रिकाम्या जागेत कुणीही उभे राहू शकते, या न्यायाने आम्ही तेथे उभे राहिलो.

आम्ही म्हणजे एम.ए.ला एकत्र असलेले चौघे: दोन स्त्रिया, दोन पुरुष, चौघे चार जातींचे. लातूरची मैत्रीण पाचवी. तिचे घर कडक शाकाहारी, बसवण्णांना मानणारे. दर्शनी भिंतीवर त्यांची तसबीर. केक झाला तो आमच्यातल्या एकीच्या घरी, नांदेडच्या एका बौद्ध वस्तीत. तिचे स्वयंपाकघर मोठे आणि तिच्या आईची सहनशीलता त्याहून मोठी, एवढेच त्याचे कारण. पण नंतर लातुरात जे घडले त्यात या पत्त्याला महत्त्व आले, म्हणून तो सांगणे भाग आहे.

करण्याची प्रक्रिया थोडी सांगितली पाहिजे, कारण सोवळ्याओवळ्याचा विचार माणसाला रसायनशास्त्रापर्यंत कसा नेतो हे त्यात दिसते. अंडे नको, ही पहिली अट. अंड्याचे काम केकमध्ये दुहेरी असते: फेटताना त्यात हवा कोंडली जाते आणि उष्णतेने त्यातली प्रथिने घट्ट होऊन ती हवा धरून ठेवतात. ते काम दह्याचा आंबटपणा आणि खाण्याचा सोडा यांच्यावर सोपवावे लागते. दोघे भेटले की वायू सुटतो आणि पीठ फुगते. पण तो वायू वाट पाहत नाही, मिश्रण झाले की लगेच भांडे आचेवर चढले पाहिजे. दुसरी अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात नांदेडचा पारा ४२-४३ अंशांवर असतो. लोण्याचे क्रीम अशा हवेत तासभरही टिकत नाही. म्हणून वरचे आवरण पिठीसाखरेच्या लवचिक कणकेचे, ज्याला फाँडंट म्हणतात त्याचे करायचे ठरले. येथे तिसरी अडचण निघाली. फाँडंट बांधायला सर्रास जिलेटिन वापरतात, आणि जिलेटिन होते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून. केकला अंडे नाही म्हणून निर्धास्त होणाऱ्या किती शाकाहारी घरांना हे ठाऊक असते, कोण जाणे. आम्हाला ठाऊक होते, आणि मैत्रीत ठाऊक असूनही गप्प राहणे ही फसवणूक ठरली असती. मग समुद्रशेवाळापासून होणारे चायनाग्रास आणले. ते उकळून, गाळून, पिठीसाखरेत मळले. भाजणीसाठी एक छोटा गोल विजेचा ओव्हन आणि त्याच्या जोडीला आमच्या आयांच्या पिढीची युक्ती: कढईत दोन बोटे वाळू, वर जाळी, जाळीवर भांडे, वर जड झाकण. दहा, आठ आणि सहा इंचांचे थर. आतून केशर-वेलदोडा, वर आंब्याच्या मुरंब्याचा पातळ लेप.

वाळूत भाजणे ही युक्ती परकी नाही. ओव्हन आपल्या घरात नव्हता, पण भाजण्याची कला होती. मराठवाड्यात नवसाचे रोडगे गोवरीच्या विस्तवात भाजतात, आणि पैठणच्या एकनाथांनी रोडग्याला भारुडात कायमची जागा दिली आहे. (त्या भारुडातली बाई देवीला रोडगा कबूल करते तो सासरची माणसे एकेक करून दूर व्हावीत म्हणून. मानपानाने गांजलेल्या कुठल्याही लग्नघरात ते भारुड आजही ताजे वाटेल.) नानकटाई आणि बिस्किटे मात्र बेकरीच्या भट्टीत. घरचे पीठ, तूप, साखर डब्यांत घालून मुसलमान बेकरीवाल्याकडे न्यायची आणि दुपारी भाजलेली बिस्किटे घेऊन यायची, ही रीत आमच्यातल्या दोघांच्या घरी होती. साहित्य आपले, विस्तव त्यांचा. ते ‘कुणाच्या हातचे’ समजायचे, हा प्रश्न घरातल्या सोवळ्या आजीने सोयीस्करपणे कधी विचारला नाही.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असा रस्ता. तीन थर तीन खोक्यांत, खोकी मांडीवर, गाडीचे एसी पूर्ण वेगात आणि आम्ही कुडकुडत. या प्रवासाबद्दल विशेष सांगण्याजोगे काही नाही. थरांना आधार द्यायच्या बांबूच्या काड्या सोबत होत्या. मांडणी कार्यालयात करायची होती.

कार्यालयात गेल्यावर मैत्रिणीच्या आईने बेत बदलला. संध्याकाळच्या स्वागत समारंभाच्या व्यासपीठावर केक ठेवायचे ठरले होते. पण तेथे दिव्यांची धग फार, आणि कूलर होता रुखवताच्या खोलीत. म्हणून केक रुखवतात गेला. हा निर्णय सर्वस्वी हवामानाचा होता. परिणाम मात्र असा झाला, की येसर-मेतकुटाच्या बरण्या, सांडगे-पापडांच्या चळती, चिरोटे, करंज्या, लोकरीची तोरणे आणि पुठ्ठ्याचे एक देऊळ यांच्या मधोमध आमचा पांढरा केक उभा राहिला. ज्यांना मराठवाड्याबाहेर येसर ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: भाजलेली धान्ये, डाळी आणि मसाला यांचे हे पीठ; पाण्यात कालवून उकळले की आमटी तयार. नव्या सुनेला परक्या घरात पहिले काही दिवस निभावून नेता यावेत, अशी त्यात समजूत असते. रुखवत हा शब्द मुळात वराकडच्यांच्या बिऱ्हाडी पोहोचवायच्या खाण्याचा. प्रदर्शन त्याचे पुढे झाले.

रुखवतातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या लावायची पद्धत आहे: आत्याकडून, मामीकडून, काकूकडून. मैत्रिणीच्या आईने केकपुढेही चिठ्ठी ठेवली. त्यावर आमची चौघांची नावे लिहिली, आडनावांसह.

आणि आडनाव म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. दुपारी मैत्रिणीची आजी रुखवत पाहायला आली. तिने चिठ्ठी वाचून घेतली आणि नातीला विचारले, “केक कुणाच्या हातचा हाय?” मैत्रिणीने आडपडदा न ठेवता सांगितले: कुणाच्या घरी झाला, कुणी पीठ कालवले, कुणी साखर मळली. आजी काही बोलली नाही. खोलीतल्या बायकाही काही बोलल्या नाहीत. हा जो काही क्षण होता, तो बाजारातून आणलेल्या केकच्या वाट्याला कधीच येत नाही, एवढे आम्हाला येथे नोंदवायचे आहे. बाजाराच्या केकवर सगळे समान असतात ते न जाणता. घरच्या केकपुढे प्रत्येकाला जाणूनबुजून हात पुढे करावा लागतो, किंवा मागे घ्यावा लागतो. म्हणून मित्राच्या घरच्या लग्नात हाताने केलेले काही नेणे ही गोड भेट तर असतेच, पण ती थोडी आगाऊ भेटही असते. ती समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडते, आणि तेही लग्नाच्या दिवशी. हे करावे की नाही? आमच्यात यावर आजही दुमत आहे. दोघांच्या मते पाहुण्याने यजमानाला असे कोंडीत धरू नये. उरलेल्या दोघांच्या मते कोंडी आधीपासूनच होती, केकने ती टेबलावर ठेवली एवढेच. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण पहिले मत खोडून काढता आलेले नाही.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. नवरा-नवरीच्या हाती सुरी दिली गेली तेव्हा घरातली एक काकू पुढे झाली आणि म्हणाली, “कापा म्हणू नका, केक वाढवा म्हणा.” मंगलकार्यात फोडणे, तोडणे, विझवणे ही क्रियापदे आपण टाळतो. नारळ वाढवतो, बांगडी वाढवते, कुंकू वाढवतो. त्या ओळीत त्या संध्याकाळी केक जाऊन बसला. शिवाय ‘वाढणे’ म्हणजे पंगतीत वाढणेही. त्यामुळे कापणे आणि वाटणे या दोन्ही क्रिया एकाच धातूत आल्या. त्या काकूंनी भाषाशास्त्र शिकलेले नाही, पण एका परक्या पदार्थाला मराठी व्याकरणात जागा करून देण्याचे काम त्यांनी अर्ध्या मिनिटात केले.

हे सांगण्याचे कारण असे, की लग्नातल्या केकवर आमच्याच क्षेत्रातले लोक एक ठरावीक आक्षेप घेतात: ही पाश्चात्त्यांची नक्कल आहे. साहित्यात देशीयतेचा आग्रह धरणारे या आक्षेपात आघाडीवर असतात. त्यांना आम्ही नम्रपणे सुचवू की भालचंद्र नेमाडे यांनी ‘टीकास्वयंवर’मधील (१९९०) मांडणीत देशीकरणाच्या प्रक्रियेला जे महत्त्व दिले आहे, ते पुन्हा पाहावे. बाहेरचे काही येऊच नये असा तो विचार नाही. आलेले आपल्या पचनी कसे पडते, हा त्यातला कळीचा मुद्दा आहे. येसरातली मिरची पोर्तुगीज जहाजांबरोबर आली. चटणीतला शेंगदाणाही तसाच. कुठून आले यावरून वस्तू देशी ठरत असती तर आमची अर्धी फोडणी परकी निघाली असती.

शिवाय ज्यांची नक्कल केली म्हणायचे त्यांच्याकडे तरी केक नेहमीच प्रतिष्ठेचा होता काय? रोमन काळात लग्नात वधूवरांनी मिळून भरड धान्याची साधी पोळी देवतेला अर्पण करण्याचा विधी होता आणि त्या विवाहप्रकाराचे नावच त्या धान्यावरून पडले. पांढऱ्याशुभ्र साखरेचा डोलारा नंतरचा. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० च्या लग्नातला केक सुमारे ३०० पौंडांचा होता आणि तो राजवाड्याचा थाट होता. हा थाट गावात उतरल्यावर कसा दिसतो ते फ्लोबेरने ‘मादाम बोव्हारी’त (१८५७) दाखवले आहे. एम्माच्या लग्नातला केक विद्यार्थ्यांना वर्गात शिकवताना आपण तो उपहासाचा नमुना म्हणून शिकवतो: तळाशी निळ्या पुठ्ठ्याचे देऊळ, खांब आणि पुतळे, वर केकचा किल्ला, त्यावर मुरंब्याची तळी, आणि शेंड्यावर चॉकलेटच्या झोपाळ्यात मदन. उपहास आहेच. पण पुठ्ठ्याचे ते देऊळ वाचून मराठवाड्यातल्या कुठल्या वाचकाला रुखवत आठवणार नाही? आमच्या रुखवतातही पुठ्ठ्याचे देऊळ होते आणि सुपाऱ्यांची भटजी-मंडळी होती. आणखी एक तपशील आपण बहुधा घाईत ओलांडतो. तो केक करणारा हलवाई त्या भागात नवखा होता. म्हणून त्याने विशेष मेहनत घेतली, आणि केक घेऊन तो स्वतः पंगतीत आला. बोव्हारी-रुओ कुटुंबांत त्याला मान नव्हता, नाते नव्हते. परक्या गावात पाय रोवण्यासाठी त्याच्याजवळ हाताचे कसब होते. फ्लोबेरचा उपहास केकवर आहे, आणि खेड्याच्या हौसेवर आहे. त्या हलवायाच्या उंबऱ्यावरच्या अवघडलेपणावर मात्र कादंबरी हसते असे आम्हाला वाटत नाही. मांडवात जागा नसलेला माणूस हातात काहीतरी भव्य, जरा जास्तच भव्य घेऊन येतो. आम्ही तीन थर केले. एकाने भागले असते.

लॉरा एस्क्विवेल यांच्या ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’ (१९८९) या मेक्सिकन कादंबरीत केकची दुसरी बाजू आहे. तीता ज्याच्यावर प्रेम करते त्याचे लग्न तिच्या बहिणीशी लागते आणि त्या लग्नाचा केक करण्याचे काम तिच्यावरच येते. पिठात तिचे अश्रू पडतात, आणि तो केक खाऊन सारे वऱ्हाड रडू लागते, ओकू लागते. जादुई वास्तववाद म्हणून आपण हा प्रसंग शिकवतो. आमच्या आज्यांना त्यात जादू वाटली नसती. करणाऱ्याच्या मनातले खाणाऱ्याच्या पोटात जाते, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. ‘रडत स्वयंपाक करू नये’ हे त्यांनी कादंबरी न वाचता सांगितले होते. फक्त याच विश्वासाची काळी बाजू अशी, की मनातले जर हातातून अन्नात उतरते, तर जातही उतरते, असे मानायला तो मोकळा असतो. ‘हातची चव’ आणि ‘हातचा विटाळ’ ही एकाच समजुतीची दोन अपत्ये. एकीला कुरवाळून दुसरीला नाकारायचे असेल तर आधी त्यांचे नाते कबूल करावे लागेल.

आता आमच्या केकचे फार मोठेपण कुणी मानू नये, म्हणून एक मर्यादा सांगतो. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार ही आपल्या भाषेतली जोडी आहे, आणि लग्नाच्या मांडवात दोन्ही एकत्र येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि प्रत्यक्षात कधीच न झालेल्या भाषणात, हे स्पष्ट केले आहे की सहभोजनाने जातीची भावना मरत नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह. ज्या लग्नात आम्ही केक नेला ते लग्न जातीतले होते, पत्रिका जुळवून झालेले होते. आमच्या केकने ओलांडली असेल तर रोटीची रेघ ओलांडली, तीही संध्याकाळपुरती. बेटीची रेघ जिथल्या तिथे होती.

ही गोष्ट आमच्याच मुलखाला नवी नाही. लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. त्या कल्याणात बाराव्या शतकात ब्राह्मण मधुवय्यांची मुलगी आणि चर्मकार हरळय्यांचा मुलगा यांचे लग्न शरणांनी लावले, आणि परंपरा सांगते की राजा बिज्जळाने दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा दिली. ज्या घरातल्या तसबिरीखाली आम्ही चहा प्यालो त्या घराचा वारसा हा आहे. दुसरीकडे आमच्या नांदेडात, गुरू गोविंदसिंग १७०८ साली जेथे निवर्तले त्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात आजही कुणीही कुणाच्या शेजारी बसतो आणि कुणीही पोळ्या लाटायला जातो. लंगरात हात मोज्यात नसतो, उघडा असतो, आणि तरीही कुणी विचारत नाही. नांदेडकरांपैकी पुष्कळ जण तेथे जेवून आलेले असतात. घरी परतल्यावर लंगर त्यांच्या स्वयंपाकघरापर्यंत का येत नाही, यावर कुणा अभ्यासकाने काम करायला हवे.

आजीबद्दल वाचक विचारतील. तिला केक दिला तेव्हा तिने नको म्हटले नाही. कागदी रुमालात तो तुकडा नीट गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. नंतर खाल्ला, कुणाला दिला की टाकला, हे आम्हाला ठाऊक नाही. मैत्रिणीने तिला विचारले नाही, आणि ते योग्यच झाले.

एक हिशेब मात्र राहतो. तीन दिवसांच्या या उद्योगात पीठ कालवणे, साखर मळणे, वाळू चाळणे ही कामे आमच्यातल्या दोघींनी आणि एकीच्या आईने केली. आम्ही दोघा पुरुषांनी चायनाग्रास शोधले, खोकी बांधली आणि गाडी ठरवली. या लेखातल्या ‘आम्ही’ने एवढा फरक झाकून ठेवावा असे नाही. हाताच्या गौरवाची भाषा बोलणारे हात आणि राबणारे हात बहुधा निराळे असतात, आणि रुखवताच्या गाण्यांपासून आजच्या ललित लेखांपर्यंत हे चालत आले आहे.

२०२० च्या टाळेबंदीनंतर नांदेड-लातुरात घरी केक करून विकणाऱ्या स्त्रिया आमच्या पाहण्यात पुष्कळ आल्या. त्यांचे काम सुबक असते, चायनाग्रास आता कुठेही मिळते, आणि निदान हा हिशेब त्यांच्या बाबतीत पैशात तरी चुकता होतो. त्यांच्या खोक्यांवर ‘घरगुती’ हा शब्द ठळक छापलेला असतो आणि त्याखाली करणारीचे नाव. आमच्याकडे अशी पाच-सहा खोकी जमली आहेत. पाहिले तर सगळ्यांवर पहिलेच नाव आहे; आडनाव एकावरही नाही.